तिकडच्या सिमआधी इथला नंबर

'तिकडं कोणतं सिम घ्यावं?' परदेशी निघालेल्या माणसांचा हल्ली हा पहिला प्रश्न असतो. या स्तंभात मी बहुतेक वेळा वीजबिल, पीकविमा, बियाण्याची पावती यांवर लिहितो. पण वडीगोद्री, शहागड, अंकुशनगर, अंबड या पट्ट्यातून देशाबाहेर जाणारी माणसं आता थोडी राहिलेली नाहीत. कुणी उमऱ्याला किंवा हजला जातं. कुणी सुनेच्या बाळंतपणासाठी अमेरिकेतल्या मुलाकडं सहा महिने राहायला जातं. काशी-अयोध्या करून यात्रेची गाडी सोनौलीवरून नेपाळात शिरते, तेव्हा पशुपतिनाथाला निघालेल्या कित्येकांना आपण परदेशात आलो हे जाणवतही नाही. या सगळ्यांना माझं उत्तर एकच आहे. तिकडचं सिम नंतर बघू. आधी इथला नंबर चालू कसा राहील ते ठरवा.

हा नंबर आता नुसता बोलण्यासाठी राहिलेला नाही. बँकेचं खातं त्याच्याशी जोडलेलं, आधार त्याच्याशी जोडलेलं, पीएम किसानची ई-केवायसी त्याच्यावर आलेल्या ओटीपीनं होते. गॅसची टाकी घेऊन आलेला माणूस जो कोड मागतो, तोही नोंदवलेल्या नंबरवरच येतो. घरातला कर्ता न्यू जर्सीत आणि त्याचं सिम बंद, तर इथं सुनेला टाकी मिळायलाही अडचण होते.

नियम माहीत असावा. प्रीपेड नंबर ९० दिवस अजिबात वापरला नाही, म्हणजे त्यावर कॉल, एसएमएस, नेट काहीच झालं नाही, तर कंपनी तो बंद करू शकते. खात्यात २० रुपये शिल्लक असतील तर मुदत वाढते. दूरसंचार नियामक ट्रायनं ही सोय २०१३ मध्ये करून ठेवली आहे. बंद झालेला नंबर ९० दिवसांनंतर दुसऱ्या ग्राहकाला दिला जाऊ शकतो, हे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयातही सांगितलं गेलं. अमेरिकेतला पाहुण्यांचा मुक्काम साधारण सहा महिन्यांपर्यंतचा असतो. म्हणजे आई-बाप परत येईपर्यंत त्यांच्या बँकेचे मेसेज अनोळखी माणसाच्या फोनवर जाण्याचा धोका उभा राहू शकतो.

उपाय महाग नाही. डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायनं कंपन्यांना फक्त कॉल आणि एसएमएसचं, नेट नसलेलं रिचार्ज ठेवणं बंधनकारक केलं आणि अशा व्हाउचरची मुदत ३६५ दिवसांपर्यंत वाढवायला मुभा दिली. दुकानात गेलं की रोज दोन जीबीचंच रिचार्ज पुढं केलं जातं. तिथं ठामपणे सांगा, 'मला नेट नको, कॉल-एसएमएसचं लांब मुदतीचं द्या.' मग आंतरराष्ट्रीय रोमिंग इथं असतानाच चालू करून घ्या, कारण तिकडं गेल्यावर ते चालू करायला पुन्हा ओटीपीच लागतो. फोनमधलं डेटा रोमिंग मात्र बंद ठेवा. बहुतेक कंपन्यांच्या सिमवर परदेशात येणाऱ्या एसएमएसला पैसे पडत नाहीत; आपल्या कंपनीचं तसं आहे का ते निघण्याआधी विचारा. येणारा कॉल उचलला तर पैसे पडतात, हे घरातल्या सगळ्यांना समजावून सांगा. गावाकडून कुणी सहज 'पोहोचलात का?' म्हणून फोन केला आणि तुम्ही तो घेतला, तर मिनिटाचा आकार तुमच्या खात्यातून जातो.

काहीजण सिम काढून घरी ठेवून जातात. मला ते पटत नाही. सह्या केलेलं चेकबुक ज्याच्या हाती ठेवाल, त्याच्याच हाती ते सिम द्या. शिवाय सिम फोनमध्ये नसेल तर यूपीआयचं अ‍ॅप नंबर पुन्हा तपासायला मागतं. व्हॉट्सअ‍ॅपसारखी अ‍ॅपही फोनमधल्या चालू सिमशी बांधलेली राहावीत, असा आदेश दूरसंचार विभागानं नोव्हेंबर २०२५ मध्ये काढला आहे. तेव्हा दोन सिमच्या फोनमध्ये एका खाचेत इथलं आणि दुसऱ्या खाचेत तिकडचं, हीच मांडणी बरी.

आता तिकडचं सिम. मुक्काम महिन्यांचा असेल तर तिथलं स्थानिक सिमच घ्यावं. मुलाच्या फॅमिली प्लॅनमध्ये आणखी एक नंबर जोडता येत असेल तर उत्तमच. तिथल्या डॉक्टरला, शेजाऱ्याला, पोलिसांना फोन करायचा तर तिथला नंबर हवाच. मात्र साधा बटणांचा फोन अमेरिकेला नेऊ नका. एटी अँड टीनं तिथलं टूजी २०१७ मध्येच बंद केलं, आणि २०२२ मध्ये मोठ्या कंपन्यांनी थ्रीजीही बंद केलं. ऑस्ट्रेलियात २०२४ मध्ये थ्रीजी संपलं. आपल्याकडं आठ-आठ दिवस चार्जिंग पुरणारा तो भरवशाचा फोन तिथं बहुतेक ठिकाणी रेंजच पकडणार नाही. आईसाठी फोरजीचा फोन घ्यावा, आणि तो निघण्याच्या महिनाभर आधी तिच्या हातात द्यावा. विमानतळावर नवा फोन देऊन शिकवणं म्हणजे तिची परीक्षा घेण्यासारखं आहे.

मुक्काम आठ-पंधरा दिवसांचा असेल तर इथल्याच कंपनीचा रोमिंग पॅक सोयीचा. स्थानिक सिमपेक्षा थोडा महाग पडला तरी वयस्कर माणसाला रांगेत उभं राहावं लागत नाही, हे मी जास्त मोलाचं मानतो. फक्त देशांची यादी वाचा. सौदीचा पॅक घेतला आणि विमान दोहाला किंवा दुबईला थांबलं, तर तिथं तो चालेलच असं नाही. विमानात बसल्यावर फ्लाइट मोड लावाच. काही विमानांत स्वतःचं मोबाइल नेटवर्क असतं, फोन ते आपोआप पकडतो आणि त्याचे दर वेगळे असतात.

हजसारख्या लांब मुक्कामाला सौदीतलं सिम परवडतं. एसटीसी, मोबिली, झेन या तिथल्या कंपन्या. पासपोर्ट दाखवून आणि बोटांचा ठसा देऊन सिम मिळतं. मदिनेत रौजाच्या जियारतीची परवानगी नुसुक अ‍ॅपवर घ्यावी लागते, म्हणून तिथं नेट ही चैन नाही, गरज आहे. अमिरातीत जाणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं की तिथं व्हॉट्सअ‍ॅपचा मेसेज जातो, पण व्हॉट्सअ‍ॅपवरून कॉल लागत नाही. घरचे रात्रभर काळजीत बसण्याआधी त्यांना हे सांगून जा.

ई-सिमची जाहिरात हल्ली फार दिसते. आपल्या फोनला ते चालतं का हे बघायला *#०६# दाबा. ईआयडी नावाचा लांब आकडा दिसला तर चालतं. पण प्रवाशांना विकली जाणारी बरीच ई-सिम फक्त नेटची असतात, त्यांना नंबर नसतो. भारतात परदेशी सिम विकायला दूरसंचार विभागाची परवानगी लागते. एअरालो आणि होलाफ्लाय ही अ‍ॅप जानेवारी २०२४ मध्ये आपल्याकडं याच कारणावरून बंद झाली. विकणारा कोण, हे पाहूनच पैसे भरा.

मला खरी काळजी वाटते ती नेपाळची. तिथं जायला व्हिसा लागत नाही, गाडीतून उतरावंही लागत नाही, म्हणून कुणी तयारीच करत नाही. सीमा ओलांडली की थोड्या अंतरावर आपलं सिम गप्प होतं. फोनचं घड्याळ अचानक १५ मिनिटं पुढं गेलं, तर समजा नेपाळचा टॉवर लागला. ऑगस्ट २०२४ मध्ये तनहुँ जिल्ह्यात मर्स्यांगदी नदीत यात्रेकरूंची बस कोसळली आणि जळगाव जिल्ह्यातली माणसं गेली. अशा बातमीनंतर गावागावांतून आपल्या माणसाला फोन लावले जातात. तो लागला नाही तर त्या घरावर काय गुदरतं, ते वेगळं सांगायला नको. सप्टेंबर २०२५ मध्ये तर नेपाळ सरकारनं व्हॉट्सअ‍ॅप, फेसबुकसह २६ समाजमाध्यमं बंद केली. त्यावरून आंदोलन पेटलं, काठमांडूचं विमानतळ बंद झालं आणि महाराष्ट्रातले पर्यटकही अडकले. व्हॉट्सअ‍ॅपवरच भिस्त ठेवलेल्यांचा आपल्या माणसाशी संबंधच तुटला. नेट बंद म्हणजे काय हे आपल्या भागाला सांगायला नको. फेब्रुवारी २०२४ मध्ये जालना, बीड आणि छत्रपती संभाजीनगरात ते बंदच होतं. तेव्हा कामी आला तो साधा कॉल.

म्हणून नेपाळला जाताना गाडीतल्या निदान दोघांनी नेपाळ टेलिकॉमचं किंवा एनसेलचं सिम घ्यावं. पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र आणि फोटो जवळ ठेवावेत. मार्च २०२४ पासून तिथल्या दुकानांत क्यूआरवर आपलं यूपीआय चालू झालंय, पण त्यालाही नेट लागतं. त्या दोघांच्या हॉटस्पॉटवर बाकीच्यांचं भागू शकेल.

यात्रा काढणाऱ्या मंडळींना माझी विनंती आहे. तुमच्या पत्रकावर जेवण, मुक्काम, दर्शन सगळं छापलेलं असतं. पुढच्या पत्रकावर काठमांडूतल्या भारतीय दूतावासाचा नंबर ठळक छापा. नेपाळचं सिम हाती आलं की लगेच त्यावरून प्रत्येकाच्या घरी एक फोन करू द्या. त्याचा खर्च तिकिटात धरा. कुणी तक्रार करणार नाही.