शितावरून भाताची परीक्षा

बीअरचा विषय या पृष्ठांवर आलेला काही वाचकांस रुचणार नाही, हे आम्ही जाणून आहोत. ज्यांच्या घरात ती बाटली कधी आली नाही व येऊ नये असेच ज्यांस वाटते, त्यांच्याशी आमचे भांडण नाही. परंतु आमचा प्रश्न बाटलीचा नसून परीक्षेचा आहे. एखाद्या वस्तूविषयी मत देण्यापूर्वी तिचा परिचय किती व्हावा लागतो, हा तो प्रश्न; आणि पुस्तकांवर मते देणाऱ्या आम्हां मंडळींसही तो तितकाच लागू आहे.

अमेरिकेत कोलोरॅडो संस्थानात १९८२ साली 'ग्रेट अमेरिकन बीअर फेस्टिव्हल' नावाचा मेळा सुरू झाला. बोल्डर गावी आरंभ झालेला हा मेळा पुढे डेन्व्हर शहरात गेला व अफाट वाढला. २०१८ साली भाच्याच्या आग्रहावरून आम्ही तेथे गेलो, तेव्हा सुमारे ८०० ब्रुअऱ्यांच्या ४,००० च्या आसपास बीअर एका छपराखाली मांडलेल्या होत्या. तिकिटाचे पैसे एकदाच द्यावयाचे, चिमुकला पेला हाती घ्यावयाचा आणि मंचकामागून मंचक फिरावयाचे. प्रत्येक ठिकाणी मिळे १ औंस, म्हणजे सुमारे ३० मिलिलिटर. ते माप पाहून आम्हांस पळीभर तीर्थाचीच आठवण झाली. फरक एवढाच की, तीर्थाची दुसरी पळी कोणी मागत नाही. येथे हवी तितक्या वेळा मागण्याची मुभा! लोकांच्या गळ्यांत प्रेट्झेलच्या माळा होत्या, आणि कोणाच्या हातून पेला निसटला की सारे सभागृह एका कंठाने गर्जना करी.

हे औंसाचे माप योग्य की अयोग्य, यावर तिकडच्या रसिकांत मोठा वाद आहे. औंसाच्या कैवाऱ्यांचे म्हणणे तीन मुद्द्यांचे: थोडे थोडे घेतल्याने पुष्कळ प्रकार चाखता येतात, माणूस शुद्धीवर राहतो, आणि गुण कळावयास एक घोट पुरे. आपल्याकडील म्हणीत सांगावयाचे तर, शितावरून भाताची परीक्षा.

प्रथम या म्हणीचाच समाचार घेऊ. शितावरून भात शिजला की नाही एवढेच कळते. जेवण कसे झाले ते पान उचलल्यावर कळते. बीअर नासलेली आहे काय, हे एका घोटात निश्चित समजेल. परंतु पहिल्या घोटाला मोहक वाटणारी गोडी पाचव्या घोटाला नकोशी होते, हॉप्सचा कडवटपणा घोटागणिक जिभेवर साठत जातो, आणि एखादी सौम्य बीअर अर्धा पेला संपेपर्यंत आपले अंतरंग उघड करीत नाही. औंसभर मापाच्या दरबारात जो मोठ्याने ओरडेल तो जिंकतो. मृदुभाषी मागे राहतो. १९८५ साली कोका-कोला कंपनीने चवीच्या चाचण्यांवर विसंबून आपले जुने पेय बदलले, आणि लोकांच्या संतापामुळे तीन महिन्यांच्या आत तिला जुने पेय परत आणावे लागले. या फजितीची अनेक कारणे सांगितली जातात. त्यांतले एक हेच की, घोटभर चाखताना गोड पेय सरस ठरते, बाटलीभर पिताना ठरतेच असे नाही.

नमुना केवढा असावा हा प्रश्न तरी नवा आहे काय? डब्लिनच्या गिनेस ब्रुअरीत काम करणाऱ्या विल्यम गॉसेट याने १९०८ साली 'स्टुडंट' या टोपणनावाने एक निबंध प्रसिद्ध केला. थोड्या नमुन्यांवरून अनुमान काढताना चूक किती संभवते, हे मोजण्याची रीत त्याने दाखविली. आज संख्याशास्त्राचा प्रत्येक विद्यार्थी ती शिकतो. लहान नमुन्यावरून अनुमान काढूच नये, असे गॉसेट म्हणत नाही. नमुना जितका लहान तितका निष्कर्ष नम्र असावा, एवढेच त्याच्या गणिताचे तात्पर्य. मेळ्यातला रसिक मात्र औंसभर चाखतो आणि न्याय देतो सर्वोच्च न्यायालयाचा!

दुसरा मुद्दा शुद्धीचा. औंसाने माणूस शुद्धीवर राहतो हे खरे, पण तो मोजत असेल तरच. ज्याचे पैसे आधीच देऊन झाले आहेत ते कोण मोजतो? उलट, तिकीट वसूल करण्याची बुद्धी बळावते. माप लहान करून हाव लहान होत नाही. ती केवळ लपते.

राहिला प्रकारांचा मुद्दा, आणि हाच सर्वांत वजनदार आहे. मोठे माप दिले तर अनोळखी लहान उत्पादकाकडे कोण वळणार, असे विचारतात. आम्ही स्वतःचीच साक्ष देतो. त्या दिवशी आम्ही वहीत टिपणे केली होती. पहिल्या दहा-बारा नोंदी बऱ्या आहेत. पुढे 'छान', 'बरी', पुन्हा 'छान'. एका मंचकामागे उभ्या असलेल्या वृद्ध गृहस्थाने आपली बीअर ओतून मोठ्या आशेने विचारले, "कशी वाटली?" आम्ही 'उत्तम' म्हणून पुढे सरकलो. खरे म्हणजे आमच्या जिभेला तोवर काही कळेनासे झाले होते. त्याच्या परिश्रमांना आम्ही खोटे नाणे देऊन आलो, याची लाज आजही वाटते. असे चाळीस ग्राहक मिळून त्या माणसाचे काय कल्याण झाले?

याचा अर्थ म्युनिकप्रमाणे लिटरभराचा पेला पुढे करावा असा नव्हे. तेथे तर पेला पुरता भरत नाहीत म्हणून १८९९ साली लबाड मापाविरुद्ध एक मंडळच स्थापन झाले होते! आम्हांस इंग्लंडची रीत शहाणपणाची वाटते. १९७१ साली स्थापन झालेल्या 'कॅम्रा' या ग्राहकसंस्थेच्या मेळ्यांत रेघा आखलेल्या पेल्यात तृतीयांश पाइंट, म्हणजे सुमारे १८९ मिलिलिटर, घेता येते आणि प्रत्येक मापाचे पैसे निराळे द्यावे लागतात. दर वेळी हात खिशाकडे जातो, आणि खिशाबरोबर विवेकही जागा होतो.

आता साधा हिशेब पाहा. चाळीस औंस म्हणजे सुमारे १,२०० मिलिलिटर. सहा तृतीयांश म्हणजे सुमारे १,१३५. पोटात जाणारे द्रव्य जवळजवळ तेवढेच. एकीकडे चाळीस जणांशी नुसता नमस्कार, दुसरीकडे सहा जणांशी बसून केलेले बोलणे. रात्री घरी परतल्यावर यांतले कोण आठवेल, हे सुज्ञ वाचकांस सांगावयास नको.

आणि हेच आमच्या धंद्यालाही लागू आहे. महिन्याला चाळीस पुस्तकांची मलपृष्ठे वाचून अभिप्राय देणारा परीक्षक आणि चाळिसाव्या मंचकापाशी 'उत्तम' म्हणणारे आम्ही, यांत अंतर ते काय? सहाच वाचावीत, पण पुरती वाचावीत. उरलेल्या चौतिसांविषयी मौन पाळण्याइतका प्रामाणिकपणा अंगी बाणवावा. तेवढे झाले तर त्या वृद्ध गृहस्थाचे आमच्याकडून राहिलेले देणे काही अंशी तरी फिटेल.