जिनीव्हाचे रिकामे न्यायासन

परदेशी कापसावरील अकरा टक्के आयातशुल्क केंद्र सरकारने ऑगस्ट २०२५ मध्ये माफ केले आणि ती सवलत पुढे डिसेंबरअखेरपर्यंत लांबविली. त्याच महिन्यात अमेरिकेने अनेक भारतीय वस्तूंवरील जकात पन्नास टक्क्यांवर नेली होती. कापडगिरण्यांची अडचण खरी होती. परंतु तिचा भार पैठण-वैजापूरच्या कापूस उत्पादकाने, तोही वेचणीच्या तोंडावर, का सोसावा, याचे समाधानकारक उत्तर आम्हांस मिळालेले नाही.

सरकारचा सारा भर आज देशादेशांतील स्वतंत्र करारांवर आहे. २०२२ मध्ये संयुक्त अरब अमिराती व ऑस्ट्रेलिया, २०२५ मध्ये ब्रिटन यांच्याशी असे करार झाले. वाळूज-शेंद्र्याच्या कारखानदारीस त्यांतून बाजारपेठ मिळेल, आणि ती मिळावीही. मात्र हे करार जकात उतरवितात. धनाढ्य राष्ट्रे आपल्या शेतकऱ्यांस जी अनुदाने देतात, त्यांस ते हात लावीत नाहीत. अनुदान एका गिऱ्हाइकापुरते कमी करता येत नाही. ते कमी व्हावयाचे तर सर्वांसाठीच, आणि त्याची जागा जागतिक व्यापार संघटना हीच होय.

ब्राझीलने हे करून दाखविले आहे. अमेरिकेच्या कापूस-अनुदानांविरुद्ध त्याने २००२ मध्ये जिनीव्हात दाद मागितली, २००५ मध्ये अपिलातही जय मिळविला, आणि २०१४ मध्ये अमेरिकेस तीस कोटी डॉलर मोजून तडजोड करावी लागली. आज असा दावा जिंकूनही हाती काही पडेल याची शाश्वती नाही. अमेरिकेने नव्या नेमणुका अडविल्यामुळे संघटनेचे अपील न्यायपीठ डिसेंबर २०१९ पासून ठप्प आहे. हरलेला पक्ष अपील करतो आणि निकाल लोंबकळत राहतो. (साखरेच्या अनुदानाचा निकाल विरुद्ध जाताच जानेवारी २०२२ मध्ये आपणही हीच वाट धरली, याची ऊसपट्ट्यातील वाचकांनी नोंद घ्यावी.)

युरोपीय संघ, चीन, ब्राझील आदींनी २०२० मध्ये आपसांत पर्यायी लवादाची सोय केली. भारत तीत नाही. त्याने तीत जावे, असे आमचे स्पष्ट मत आहे. अमेरिका तीत नसल्याने कापसाला तातडीने न्याय मिळणार नाही, आणि साखरेसारखे प्रकरण पुन्हा उद्भवल्यास प्रतिकूल निकालही मानावा लागेल. परंतु १९४७ च्या मूळ व्यापार करारावर सह्या करणाऱ्या तेवीस राष्ट्रांत भारत होता. त्याने बाहेर उभे राहणे शोभत नाही. वाणिज्य मंत्रालयाने आपली भूमिका संसदेपुढे मांडावी, आणि मराठवाड्याच्या खासदारांनी ती मांडावयास लावावी.