जिन्याखालचे घड्याळ

आमच्या घरची घड्याळे दोन. एक भिंतीवरचे. ते पाच मिनिटे पुढे ठेवलेले असते, कारण त्याशिवाय आम्ही वेळेवर कचेरीत पोहोचत नाही, असे आमच्या सौ.चे मत आहे. दुसरे जिन्याखाली, वीज मीटरच्या पोटात. ते घड्याळ आहे हे आम्हाला ऑक्टोबर २०२५ पर्यंत ठाऊक नव्हते. ते साडेपाच तास मागे चालते, हे तर मुळीच नव्हते.

आमच्या इमारतीत सोळा खोल्या आणि जिन्याखाली सोळा मीटर. ऑगस्ट २०२५ मध्ये वीज कंपनीची माणसे जुनी मीटर काढून नवी स्मार्ट मीटर बसवायला आली. त्याआधी २०२४ मध्ये प्रीपेड मीटरविरुद्ध राज्यभर आंदोलने झाली होती, आमच्या वसाहतीनेही निवेदन दिले होते. त्यामुळे त्या माणसांना पहिला सवाल हाच झाला की, "आधी पैसे आणि मग वीज, असं तर नाही ना?" बिल पूर्वीसारखे महिन्याच्या शेवटी येईल असे त्यांनी सांगितले, तेव्हाच लोक बाजूला झाले. जाताना एक मुलगा सांगून गेला, "दिवसा वीज वापरा काका, सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच. युनिटला ऐंशी पैसे कमी लागतील."

वाचकहो, मुलाचे म्हणणे खरे होते. वेळेप्रमाणे वीजदर ठेवावा असा नियम केंद्र सरकारने जून २०२३ मध्ये केला. आपल्याकडे १ जुलै २०२५ पासून स्मार्ट मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांना सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेतल्या वापरावर युनिटमागे ८० पैसे सवलत सुरू झाली. जुन्या माणसांना हे उलटे वाटेल. कारखान्यांना वर्षानुवर्षे स्वस्त वीज मिळत आली ती रात्री, कारण रात्री मागणी कमी. इंग्लंडात तर १९७८ पासून 'इकॉनॉमी सेव्हन' नावाचा घरगुती दर आहे, त्यात रात्रीचे सात तास वीज स्वस्त. आता आपल्याकडे सूर्यावर चालणारी वीज वाढली. ती तयार होते भर दिवसा आणि साठवून ठेवणे महाग. म्हणून स्वस्ताईची वेळ रात्रीतून उठून दिवसात आली. मीटरला मात्र या कारणांशी कर्तव्य नाही. त्याच्या पोटातल्या घड्याळात नऊ वाजले की ते एका खान्यात युनिट मोजू लागते आणि पाच वाजले की दुसऱ्या खान्यात.

आमच्या सौ. घरी शिवणकाम करतात. ब्लाऊज, परकर, शाळेचे गणवेश. शिलाई मशीनला मोटर आहे. शिवलेल्या कपड्यांना इस्त्री करावी लागते आणि घरात सर्वात जास्त वीज खाते ती इस्त्रीच. ही इस्त्री आजवर रात्री जेवणानंतर होई. आम्ही वर्तमानपत्र वाचावे, आईने मालिका पाहावी, मुलीने अभ्यास करावा आणि सौ.नी एका कोपऱ्यात इस्त्री करावी, असा आमच्या घरचा रात्रीचा देखावा. ऐंशी पैशांचे ऐकल्यावर त्यांनी सगळा दिनक्रम फिरवला. धुण्याचे यंत्र साडेनऊला, इस्त्री अकरा ते बारा, मिक्सर आणि पाण्याची मोटरही दुपारच्या आत. हे लिहायला एक ओळ लागते. करणारीला सकाळचा स्वयंपाक, आईची औषधे आणि मापे द्यायला येणाऱ्या बायका यांच्यामधून वाट काढावी लागते. ऑगस्टच्या उकाड्यात भर दुपारी इस्त्री पुढे घेऊन बसणे काय असते, हे आम्ही पंख्याखाली बसणाऱ्या कारकुनाने वेगळे सांगायला नको.

सप्टेंबरचे बिल आले. एकूण युनिट १४८. त्यांपैकी नऊ ते पाच या वेळेतले ४४. सवलत ३५ रुपये २० पैसे.

सौ.नी बिल दोनदा पाहिले आणि म्हणाल्या, "अहो, हे बरोबर नाही. एवढी तर माझी एकटीची इस्त्रीच असेल."

आम्ही बी.कॉम. झालेले, वीस वर्षे आवक-जावक आणि हिशेब यांत घालवलेले. आमच्या तोंडून निघाले, "कंपनीचे संगणक चुकत नाहीत." हे वाक्य आम्ही कचेरीत समोरच्या नागरिकालाही अनेकदा ऐकवलेले आहे.

तरी एक वही केली. रोज सकाळी ९ वाजता आणि संध्याकाळी ५ वाजता मीटरवरचा एकूण युनिटचा आकडा त्यात लिहायचा, दुसरे काही नाही. आम्ही कचेरीत, म्हणून हे काम आईने अंगावर घेतले. आईला आकडे वाचता येतात, प्रौढ शिक्षणाच्या वर्गात शिकलेली आहे. चष्मा लावून, जिना उतरून, तिने सात दिवस चौदा वेळा आकडे लिहिले. आठवड्याचा एकूण वापर निघाला ३५ युनिट आणि त्यांपैकी नऊ ते पाचमधला साडेसतरा. म्हणजे बरोबर अर्धा. महिन्याला पंचाहत्तरच्या आसपास युनिट सवलतीत यायला हवे होते आणि बिलात होते ४४.

२ ऑक्टोबरला धम्मचक्र प्रवर्तन दिनाची सुट्टी होती. त्या वर्षी नागपूरला जाणे झाले नाही. सकाळची वंदना आटोपून आम्ही मुलीला घेऊन जिन्याखाली गेलो. मीटरवर एक लहानसे बटण असते. ते दाबत गेले की आकडे बदलतात, युनिट, दिनांक, वेळ असे एकामागून एक. आमच्या मनगटावर १० वाजून १० मिनिटे झाली होती. मीटरवर आले ०४:४०.

मुलगी अकरावीत आहे. ती लगेच म्हणाली, "बाबा, साडेपाच तासांचा फरक. म्हणजे ही ग्रीनिचची वेळ आहे. याला कुणी भारतात आणलंच नाही!"

हसू आले, पण उलगडाही झाला. मीटरमध्ये नऊ वाजत तेव्हा आमच्याकडे दुपारचे अडीच वाजलेले असत. मीटरमध्ये पाच, तेव्हा आमच्याकडे रात्रीचे साडेदहा. सौ. सकाळी अकराला इस्त्री करीत होत्या तेव्हा मीटरच्या हिशेबी पहाटेचे साडेपाच. सवलत मिळत होती ती आईच्या मालिकेला आणि आमच्या वर्तमानपत्राच्या दिव्याला.

मग आम्ही उरलेली पंधरा बटणेही दाबली. इमारतीत एकूण नऊ मीटर चुकीच्या वेळेवर होती, आमचे धरून.

यापुढचे सांगण्याआधी थोडे अर्जाविषयी, कारण पुष्कळ वाचकांची पत्रे असतात की तक्रार करूनही दाद लागत नाही. तोंडी सांगितलेली तक्रार ही तक्रार नव्हे. आम्ही टेबलाच्या त्या बाजूला बसतो, म्हणून खात्रीने सांगतो. मीटर आईच्या नावावर आहे, म्हणून अर्ज आईच्या सहीचा. त्यात ग्राहक क्रमांक, मीटर क्रमांक, तारीख, खरी वेळ, मीटरवरची वेळ, सात दिवसांच्या वहीची नक्कल आणि मोबाईलवर काढलेले छायाचित्र, ज्यात मीटर आणि मनगटी घड्याळ दोन्ही दिसतात. मागणी दोनच ओळींत. वेळ दुरुस्त करावी आणि मागील बिलांतला फरक द्यावा. दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडायची नाही. आणि बिल भरणे थांबवायचे नाही. वाद असला तर निषेध नोंदवून भरावे. मागितलेली रक्कम किंवा मागच्या सहा महिन्यांच्या सरासरीने येणारी रक्कम, यांत जी कमी असेल ती अशी भरली तर वाद मिटेपर्यंत वीज तोडता येत नाही. २००३ च्या वीज कायद्याच्या ५६ व्या कलमातच तसे आहे. कंपनीने ऐकले नाही तर कलम ४२ प्रमाणे ग्राहक तक्रार निवारण मंच आहे, त्यावर विद्युत लोकपाल आहे. तिथे स्वतः उभे राहून बाजू मांडता येते.

आम्हाला तिथवर जावे लागले नाही. पहिल्या दिवशी खिडकीवरच्या माणसाने पडद्यावर पाहून "इथे सगळं बरोबर दिसतंय" असे सांगितले. आम्ही म्हणालो, "तुमचा पडदा बरोबर असेल, मीटर पाहायला या." आवक क्रमांक मिळाला.

पण अर्ज देण्याआधीचा रविवार आम्हाला जास्त आठवतो.

दर रविवारी विहारात वंदनेनंतर चहा होतो. तिथे आम्ही वही काढली आणि नऊ मीटरांची हकीगत सांगितली. आम्हाला वाटले होते, एकत्र अर्ज करू, सगळ्यांच्या सह्या घेऊ. आजवर पाणी, गटार, रेशन या प्रत्येक कामात वसाहत एका कागदावर आली आहे. या वेळी कोणी पेन मागितले नाही.

दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनी एका खाजगी रुग्णालयात परिचारिका आहेत. नवरा रिक्षा चालवतो, मुले शाळेतून थेट शिकवणीला जातात. त्यांचे मीटरही त्या नवांतले. त्या शांतपणे म्हणाल्या, "भाऊ, दिवसा आमच्या घराला कुलूप असतं. नऊ ते पाच वीज स्वस्त, ती कुणासाठी? कुलपासाठी? आमचं धुणं, पंखा, दिवे, सगळं संध्याकाळी सातनंतर. तुमचं ते चुकलेलं घड्याळ आहे म्हणून आम्हाला महिन्याला चाळीस-पन्नास रुपये सुटतात. ते तुम्ही दुरुस्त करायला निघालात."

तळमजल्यावरचे काका सफाई खात्यात आहेत. पहाटे पाचला जातात आणि दुपारी दोनला येतात. तेही म्हणाले, "आमचं राहू द्या जसं आहे तसं."

आम्ही हिशेब मांडून पाहिला. वहिनींचे खरेच होते. नवांपैकी सहा घरे दिवसा बंद. चुकीच्या घड्याळाने त्या सहांचा फायदा आणि आमच्यासह तिघांचा तोटा. वीज कोणाच्या घरी स्वस्त व्हावी, हा निर्णय नऊ ते पाच हे आकडे घालणाऱ्यांनी केला. त्यांच्या डोळ्यांपुढे बंद खोली नसावी. दिवसभर बाहेर राबणाऱ्याला ती सवलत पोहोचत नाही, आणि जिला पोहोचते तिला भर दुपारी इस्त्री घेऊन बसावे लागते.

तरीही चूक आपल्या बाजूची असली म्हणून ती लपवून ठेवा, असे आम्हाला म्हणता येईना. घरी येऊन सौ.ना विचारले. त्या म्हणाल्या, "तिचं खोटं नाही. पण मी दोन महिने दुपारी इस्त्री केली, ती कोण मोजणार?"

शेवटी ठरवले ते असे. अर्ज फक्त आमच्या मीटरचा द्यायचा. दुसऱ्याच्या मीटरविषयी त्यात एक शब्दही लिहायचा नाही. पण कोणी विचारले तर खोटे बोलायचे नाही. हे आम्ही वहिनींना आणि काकांना घरी जाऊन आधी सांगितले. वहिनींनी चहा दिला, त्या काही बोलल्या नाहीत.

नोव्हेंबरात कनिष्ठ अभियंता आले. तरुण होते, बोलायला नीट. बटण दाबले, आपले घड्याळ पाहिले, छायाचित्र घेतले. मीटर दर अर्ध्या तासाच्या वापराची नोंद ठेवते, म्हणून ती नोंद अकरा घरे पुढे सरकवली की मागचा खरा हिशेब निघेल, असे त्यांनीच समजावले. कारकुनाला हे फार पटले. मग पेटीकडे वळून त्यांनी विचारले, "बाकीचीही अशीच आहेत का?"

आम्ही म्हणालो, "तुम्हीच पाहा."

खोटे बोललो नाही, एवढेच. त्यांनी पाहिली. चार दिवसांत सगळ्यांची वेळ कचेरीत बसूनच जुळवली गेली.

आमच्या पुढच्या बिलात फरक जमा झाला. सप्टेंबरचे ३१, ऑक्टोबरचे २९ आणि नोव्हेंबरचे २७, असे ८७ युनिट, ६९ रुपये ६० पैसे. सौ.नी तो आकडा आईच्या वहीत शेवटच्या पानावर लिहून ठेवला. बाकी कोणाला मागच्या फरकाची वसुली आलेली नाही. आली तर त्यांचा अर्ज आम्हीच लिहिणार, हे सांगून ठेवले आहे.

काका पूर्वीसारखे बोलतात. वहिनी जिन्यात भेटल्या की मान हलवतात, थांबत नाहीत.

आम्ही दुसरा एक कागद तयार केला आहे, राज्य वीज नियामक आयोगासाठी. दर ठरवण्याआधी आयोगाला लोकांच्या सूचना-हरकती विचारात घ्याव्या लागतात, कायद्याचे ६४ वे कलम आहे. दिवसभर कामावर असणाऱ्या घरांना संध्याकाळचे निदान दोन तास सवलतीचे मिळावेत, एवढेच त्यात लिहिले आहे. कुलपाचे वाक्य वहिनींचे आहे, ते त्यांना विचारल्याशिवाय घातलेले नाही. आतापर्यंत अकरा सह्या झाल्या. त्यांची व्हायची आहे. रविवारी पुन्हा विचारणार आहोत.