खेळ देहांतराचा

खेळ म्हणजे वेळ घालविण्याचा उद्योग, असे मानणाऱ्यांनी मोक्षपटाकडे एकदा पाहावे. परंपरेने ज्ञानदेवांच्या नावाशी जोडल्या गेलेल्या या पटावर शिड्या सद्गुणांच्या होत्या आणि साप दुर्गुणांचे. पुढे त्यातले पापपुण्य गळून पडले व मुलांच्या हाती केवळ सापशिडी उरली. मानवी जीवनाविषयी पट रचणाऱ्याचे जे मत होते, ते त्याने प्रवचन न करता घरांच्या मांडणीतून सांगितले. आज ज्या खेळांविषयी आम्ही लिहावयाचे योजिले आहे, ते परदेशी आणि अलीकडचे आहेत. तथापि त्यांची पारख याच कसोटीवर करावी लागेल.

अमेरिकेत गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांनी 1974 साली ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ नावाचा खेळ प्रसिद्ध केला. चारपाच जण मेजाभोवती बसतात. एक जण सूत्रधार होऊन प्रसंग सांगतो. इतर प्रत्येकाने एकेक पात्र घेतलेले असते, आणि ‘माझे पात्र आता असे करील’ हे तो बोलून दाखवितो. जे निश्चित नाही त्याचा निवाडा फासे करतात. पात्राचे बळ, बुद्धी, कौशल्य ही सारी आकड्यांत मांडून कागदावर लिहिलेली असतात. नाटक, गोष्ट आणि सोंगट्या यांचा हा संगमच म्हणावयाचा. या खेळातील रंगत मुख्यतः एका भयावर उभी असते: पात्र मरेल, हे ते भय.

आता मरण हेच काढून घेतले तर? ज्युलियन हक्सले या जीवशास्त्रज्ञाने 1957 साली एका निबंधात ‘ट्रान्सह्यूमॅनिझम’ हा शब्द वापरला. विज्ञानाच्या साहाय्याने मनुष्याने आपल्या देहामनाच्या मर्यादा ओलांडाव्यात, असा या विचाराचा आजचा आशय. त्याला खेळाचे रूप देण्याचे प्रयत्न झाले. 2002 साली डेव्हिड पल्व्हर यांचा ‘ट्रान्सह्यूमन स्पेस’ निघाला. त्याचा काळ इसवी सन 2100 चा. 2009 साली रॉब बॉइल, ब्रायन क्रॉस व त्यांचे सहकारी यांचा ‘एक्लिप्स फेज’ आला आणि 2019 साली त्याची दुसरी आवृत्ती निघाली. या दुसऱ्या खेळाची रचना विशेष अभ्यासण्याजोगी आहे.

त्यातील कल्पना अशी. बेफाम झालेल्या यंत्रबुद्धीने पृथ्वी उद्ध्वस्त केली आहे. उरलेली माणसे ग्रहांवर आणि अंतराळातील वसाहतींत राहतात. मनाची प्रत काढून ठेवता येते व ती दुसऱ्या देहात उतरविता येते. म्हणून पात्राचा कागद दोन भागांत विभागलेला. ज्ञान, स्वभाव, शिकलेली कौशल्ये ही मनाची, ती बरोबर जातात. अंगबळ आणि इंद्रियांची तीक्ष्णता ही देहाची, ती मागे राहतात. एवढ्या एका रेघेने ‘मी म्हणजे कोण’ हा प्रश्न खेळाडूच्या हातातील पेन्सिलीशी येऊन ठेपतो.

मग भय कोठे राहिले? रचनाकारांनी ते मोठ्या कौशल्याने दुसरीकडे हलविले आहे. देह नष्ट होऊन जुन्या प्रतीवरून जागे व्हावे लागले, तर मधल्या दिवसांच्या आठवणी गेल्या. त्या दिवसांत आपण कोणाला काय वचन दिले, ते आपणांसच ठाऊक नाही. पहिल्या आवृत्तीत नवा देह घेताच फासे टाकून पाहावे लागे की, हातपाय वळणी पडले का, आणि आरशातील चेहरा मनाने आपला म्हणून स्वीकारला का. तेथे अपयश आले तर मनावर ताण साचतो, आणि ताण साचता साचता मन भंगते. मृत्यूच्या जागी येथे स्वत्वाचा ऱ्हास उभा केला आहे.

आमच्या वाचकांना परकायाप्रवेश नवा नाही. आद्य शंकराचार्यांनी अमरुक राजाच्या देहात प्रवेश केल्याची कथा आपण ऐकत आलो आहोत. जुने वस्त्र टाकून नवे घेण्याचा गीतेतील दृष्टान्तही घरोघरी पाठ आहे. या खेळातही देह धारण करण्याला बाही चढविण्याचा शब्द आहे, हे साम्य लक्षणीय वाटते. परंतु भेदही मोठा आहे. गीतेतील देही आठवणींचे गाठोडे बरोबर नेत नाही. या खेळात मात्र आठवणी हाच ‘मी’. आठवणींची दुसरी प्रत निघाली की ‘मी’ दोन झाले, आणि घर, ऋण, स्नेह कोणाकडे जावे हा तंटा उभा राहिला. आत्म्याविषयी आपण तोंडपाठ म्हणतो ते आपणांस खरोखर कितपत पटले आहे, याची ही बरी परीक्षा आहे.

आम्हांला सर्वांत अधिक भिडली ती या खेळातील गरिबांची स्थिती. संकटकाळी अनेकांना केवळ मन घेऊन पळावे लागले. देह त्यांच्याजवळ नाही. तो मिळविण्यासाठी ते वर्षांच्या बोलीवर राबतात, आणि अखेर बहुधा हलका यांत्रिक देह पदरी पडतो. हे वाचताना 1834 पासून गिरमिटावर मॉरिशसला गेलेल्या आपल्या लोकांची आठवण होते. त्यांत मराठी माणसेही होती. विज्ञान अमरत्व देईल की नाही हे काळ ठरवील. पण दिलेच, तर ते कोणास आणि कोणत्या बोलीवर, हा प्रश्न टळणार नाही. कल्पित जगात ही विषमता न पुसता तिला कथेच्या मध्यभागी आणणे, हा रचनाकारांचा प्रामाणिकपणा होय.

असे खेळ घरी रचता येतील काय? अवश्य. एक्लिप्स फेजच्या कर्त्यांनी, नाव द्यावे, व्यापार करू नये आणि आपली भरही त्याच अटींवर खुली ठेवावी, अशा अटींवर आपला मजकूर इतरांस वापरू दिला आहे. दहा बाजूंचे फासे न मिळाल्यास शून्य ते नऊ अंकांच्या चिठ्ठ्या दोन वाट्यांत घालाव्यात. एक वाटी दशकाची, दुसरी एककाची. कौशल्य 60 असेल तर 60 किंवा त्याहून कमी आकडा म्हणजे यश. 55 सारखा जुळा आकडा म्हणजे मोठे यश. 66 म्हणजे मोठी फजिती.

मात्र चिठ्ठ्या करण्यापूर्वी मुलांना तीन प्रश्न अवश्य विचारावेत. तुमच्या जगात माणसाजवळून काय हिरावले जाऊ शकते? जे हिरावले जाते ते परत मिळविण्याची किंमत कोण मोजतो? आणि देह, गाव, बोली सर्व बदलूनही ज्यावरून माणूस ओळखावा, असे त्याच्यापाशी काय उरते? नियम या उत्तरांतून आपोआप निघतील. पिढ्यान्‌पिढ्या महाराष्ट्राबाहेर राहिलेल्या आपल्या घरांत तिसऱ्या प्रश्नाची उत्तरे बरीच साठलेली असतील. मुलांनी ती आजीआजोबांस विचारून कागदावर उतरवावीत.