अर्जात हरवलेला उमेदवार

मराठीत 'बायोडाटा' हा शब्द दोन प्रसंगी हमखास ऐकू येतो. एकदा लग्न जमविताना आणि एकदा नोकरी शोधताना. शब्द एकच असल्यामुळे असेल किंवा निव्वळ सवयीमुळे असेल, दोन्हींतला मजकूरही पुष्कळदा एकच असतो. जन्मतारीख, वडिलांचे संपूर्ण नाव व व्यवसाय, वैवाहिक स्थिती, अवगत भाषा. छंदांच्या रकान्यात वाचन, संगीत ऐकणे आणि क्रिकेट. आणि सर्वांत शेवटी 'वरील माहिती माझ्या समजुतीप्रमाणे खरी आहे' अशी प्रतिज्ञा. नोकरी देणाऱ्याच्या टेबलावर पूर्वी अशा कागदांची चळत पडत असे, आता ती संगणकात साठते. ती वाचून संपते तेव्हा शंभर माणसांची माहिती त्याला मिळालेली असते. माणूस मात्र एकही भेटलेला नसतो. स्थळ पाहणाऱ्याला जे हवे असते ते हिशेबनीस नेमणाऱ्याला नको असते. आपले जे काम अडले आहे ते हा मनुष्य निभावून नेईल काय, एवढाच त्याचा प्रश्न असतो.

हे शहाणपण नवे नाही. इ. स. १४८२च्या सुमारास लिओनार्दो दा विंची याने मिलानचा सत्ताधीश लुदोविको स्फोर्झा याच्याकडे नोकरीसाठी जे पत्र लिहिले, त्यात हलके पण बळकट पूल, वेढ्याची यंत्रे, तोफा, चहूबाजूंनी झाकलेल्या युद्धगाड्या यांचे एकामागून एक उल्लेख आहेत. शिल्प आणि चित्रकला अगदी शेवटी, जाता जाता सांगितल्यासारखी येते. लिओनार्दोला आपली चित्रकला कमी वाटत होती असे नव्हे. परंतु पत्र वाचणाऱ्याला चिंता युद्धाची आहे, हे त्याला ठाऊक होते. आपल्याकडील पदवीधराचा अर्ज याच्या नेमका उलट असतो. तो एकदाच तयार होतो आणि मग बँकेला, औषधाच्या कारखान्याला, इंग्रजी शाळेला व विमा कंपनीला तोच जातो. घाईघाईत पत्रावर मागच्या कंपनीचे नाव तसेच राहिल्याची उदाहरणेही काही कमी नसतात.

किरकोळ चुकांची यादी लांब आहे, पण तीवर फार वेळ दवडण्याचे कारण नाही. शुद्धलेखनाचे दोष, थट्टेच्या वयात घेतलेला आणि पुढे तसाच चालू राहिलेला ई-मेल पत्ता, चार पानांचा पसारा, मुलाखतीला उशिरा पोचणे, संस्था काय बनविते याचा पत्ता नसणे, आधीच्या मालकाची निंदा करणे, या गोष्टी एकदा कोणी दाखवून दिल्या की सुधारतात. त्या सुधारणे आवश्यक आहे, कारण वाचणाऱ्याला सवड नसते. अमेरिकेतील 'लॅडर्स' या नोकरीविषयक कंपनीने २०१८मध्ये केलेल्या पाहणीत पहिल्या नजरेत एका अर्जाच्या वाट्याला सरासरी ७.४ सेकंद आले होते. हा आकडा तिकडचा आहे व एका व्यापारी कंपनीचा आहे, हे लक्षात ठेवूनही त्यातील इशारा खोटा म्हणता येत नाही.

खरा दोष याहून खोल आहे. तो कोठून येतो हे पाहायचे असेल, तर तालुक्याच्या गावी महाविद्यालयासमोर असलेल्या झेरॉक्सच्या दुकानात जावे. तेथील संगणकात एक तयार बायोडाटा असतो. येणाऱ्याचे नाव, पत्ता व गुणांची टक्केवारी त्यात भरली जाते. 'आव्हाने स्वीकारण्याची आवड असून संस्थेच्या प्रगतीबरोबर स्वतःची प्रगती साधण्याची इच्छा आहे' हे इंग्रजी वाक्य मात्र सर्वांसाठी कायम राहते. दुकानदाराचा यात काही अपराध नाही. ज्या मुलाने शाळेत 'माझा आवडता छंद' हा निबंधसुद्धा मार्गदर्शक पुस्तकातून पाठ केला, त्याला स्वतःविषयी स्वतःच्या शब्दांत लिहिण्याची सवय लागणार तरी कोठून? पुढे मुलाखतीच्या वर्गातही तेच विकत मिळते. 'तुमच्यातील एक दोष सांगा' या प्रश्नावर 'काम परिपूर्ण झाल्याशिवाय मला चैन पडत नाही' हे उत्तर शिकविले जाते आणि समोरचे अधिकारी ते एकाच सकाळी तिसऱ्यांदा ऐकतात.

या नकलेची सर्वांत मोठी किंमत आज मोजावी लागते आहे ती स्पर्धापरीक्षांच्या उमेदवारांना. केंद्र सरकारने १ जानेवारी २०१६पासून अराजपत्रित गट 'ब' आणि त्याखालील पदांसाठी मुलाखत बंद केली. वशिल्याला आळा घालण्याच्या दृष्टीने तो निर्णय योग्यच होता. परंतु लेखी परीक्षेवर सर्व भिस्त ठेवून वर्षानुवर्षे तयारी करणारा तरुण अखेर खासगी नोकरीकडे वळतो, तेव्हा वयाच्या सत्ताविसाव्या वा अठ्ठाविसाव्या वर्षी तो आयुष्यातील पहिली मुलाखत देत असतो. पुण्याच्या सदाशिव पेठेतील अभ्यासिकांत मराठवाड्यातून, विदर्भातून व खानदेशातून आलेल्या कितीतरी मुलामुलींची ही कथा आहे. त्यांच्यापुढे पहिला पेच असतो तो पदवीनंतरच्या चार-पाच वर्षांचे काय करावे, हा.

बहुतेक जण ती वर्षे लपवितात. कोणी तारखाच गाळतो, कोणी पदवीचे वर्ष मोघम ठेवतो, आणि काही जण ओळखीच्या दुकानातून किंवा फर्मकडून अनुभवाचा खोटा दाखला मिळवितात. ही शेवटची वाट सरळ फसवणुकीची आहे आणि ती घातकही आहे, कारण मोठ्या कंपन्या आता दाखल्यांची बाहेरून पडताळणी करतात. मिळालेली नोकरी त्यापायी सहा महिन्यांनी जाऊ शकते. पण नुसती वर्षे गाळण्यानेही नुकसान होतेच. रिकामी जागा दिसली की वाचणारा ती आपल्या कल्पनेने भरतो, आणि ती कल्पना क्वचितच उदार असते. 'चार वर्षे राज्यसेवा परीक्षेची तयारी केली. दोन वेळा मुख्य परीक्षेपर्यंत पोचलो. निवड झाली नाही' एवढी दोन ओळींची नोंद अपयशाची असली तरी समजण्यासारखी असते. शिवाय त्याच वर्षांत या तरुणाने खानावळीचे हिशेब ठेवलेले असतात, शिकवण्या घेऊन खोलीचे भाडे भागविलेले असते, सुट्टीत गावी जाऊन बाजार समितीत घरचा कांदा विकलेला असतो, वडिलांच्या पीककर्जाची कागदपत्रे बँकेत स्वतः पुरी केलेली असतात. यांतले काहीच अर्जात येत नाही. पगारपत्रकावर सही झाली नाही म्हणजे तो अनुभव नव्हे, असे त्याला वाटते. त्याऐवजी येते ते 'उत्तम नेतृत्वगुण' आणि 'संघभावनेने काम करण्याची क्षमता'.

इंग्रजीविषयीचा न्यूनगंड हे या लपवालपवीचे दुसरे कारण होय. काही नोकऱ्यांना इंग्रजी लागतेच. तसे नाही असे सांगणे म्हणजे मुलांची दिशाभूल करणे आहे. तथापि अडखळते इंग्रजी आणि पाठ केलेले इंग्रजी यांत अधिकाऱ्याला खटकते ते दुसरे, कारण ते पहिल्याच उपप्रश्नाला कोसळते. केंद्रीय लोकसेवा आयोगाची मुलाखतसुद्धा मराठीतून देण्याची सोय आहे. महाराष्ट्रातील एखाद्या कारखान्याच्या मुलाखतीत 'हा भाग मराठीत सांगू का?' असे विचारण्याचा मात्र उमेदवाराला धीर होत नाही.

अर्थात, सारा दोष अर्ज करणाऱ्याच्या माथी मारणे न्याय्य होणार नाही. मुलाखत घेणारेही चुकतात, आणि त्यांच्या चुकीची शिक्षा दुसऱ्याला होते. श्रीनगरच्या प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालयातील प्रवेशाचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढे आले होते. अवघ्या दोन-तीन मिनिटांच्या आणि विषयाशी संबंध नसलेल्या प्रश्नांच्या मुलाखतीला तेथे १५०पैकी ५० गुण दिले होते. न्यायालयाने हे प्रमाण मनमानी ठरविले. ते प्रवेशाचे प्रकरण होते, नोकरीचे नव्हे. पण खासगी नोकरीतील मुलाखतीला तर अशी मर्यादाही नाही. अर्थशास्त्रज्ञ सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल यांनी २००७मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास याहूनही अस्वस्थ करणारा आहे. खासगी कंपन्यांच्या जाहिरातींना त्यांनी सारख्याच पात्रतेचे अर्ज धाडले, फरक फक्त नावांत ठेवला. उच्चवर्णीय हिंदू नावाच्या तुलनेत अनुकूल उत्तर मिळण्याचे प्रमाण दलित नावाला सुमारे दोन-तृतीयांश आणि मुस्लिम नावाला सुमारे एक-तृतीयांश पडले. त्या नाकारलेल्या अर्जांत शुद्धलेखनाची चूक नव्हती की तारखांची लपवाछपवी नव्हती. नकार आला म्हणजे आपलेच काही चुकले, असे मानणाऱ्या तरुणाला हा अभ्यास ठाऊक असलेला बरा.

अडचण अशी की, कोणता नकार चुकीमुळे आला आणि कोणता नावामुळे, हे त्याला कळण्याचा मार्ग नाही. कारण कळविण्याची रीत नाही. बहुधा नकारही कळविला जात नाही, नुसते मौन असते. त्यामुळे पहिल्या अर्जातील चूक शंभराव्या अर्जातही तशीच जाते. कंपन्यांनी एका ओळीत कारण कळवावे, ही अपेक्षा आज तरी फार मोठी ठरेल. महाविद्यालयांच्या हाती मात्र काही आहे. नोकरीला लागलेले त्यांचे माजी विद्यार्थी आज नव्या उमेदवारांचे अर्ज चाळण्याच्या जागांवर बसलेले असतात. त्यांपैकी दोघा-तिघांना पदवीच्या दुसऱ्या वर्षीच एखाद्या शनिवारी बोलवावे, मुलांचे अर्ज त्यांच्यापुढे ठेवावेत आणि कोणत्या ओळीपाशी त्यांचे वाचन थांबते ते मुलांना पाहू द्यावे. बऱ्याच ठिकाणी रोजगार कक्षाला जाग येते ती शेवटच्या वर्षीच्या मार्च महिन्यात, आणि तोवर समोरच्या दुकानातला बायोडाटा छापून झालेला असतो.