हायड्रोजनचा श्वास : आशा किती, पुरावा किती?

बंद पडलेले हृदय पुन्हा धडधडू लागले, की आप्तांना संकट टळले असे वाटते. परंतु दुसरे संकट तेव्हाच सुरू होते. काही मिनिटे प्राणवायूवाचून राहिलेल्या मेंदूत रक्त परतते आणि त्याबरोबर अत्यंत दाहक अशी मुक्त मूलके निर्माण होतात. ज्या रक्ताने पेशी जगवायच्या, त्याच्याच पुनरागमनाने त्या होरपळतात. पक्षाघात आणि अवयवरोपण यांतही हीच अडचण उद्भवते.

टोकियोच्या निप्पॉन मेडिकल स्कूलमधील शिगेओ ओहता व सहकाऱ्यांनी २००७ मध्ये यावर एक अनपेक्षित उपाय सुचवला : हायड्रोजन वायू. मेंदूचा रक्तपुरवठा काही काळ रोखलेल्या उंदरांना श्वासावाटे हा वायू अल्प प्रमाणात दिला असता मेंदूची हानी कमी झाली. सर्वांत विध्वंसक अशा हायड्रॉक्सिल मूलकांना तो निष्प्रभ करतो, शरीराला उपयुक्त असलेल्या सौम्य मूलकांना मात्र धक्का लावत नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता.

पुढे जपानमधील १५ रुग्णालयांत माणसांवर याची चाचणी झाली. हृदय सुरू झाले, पण शुद्ध आली नाही, असे ७३ रुग्ण त्यात होते. त्यांपैकी ३९ जणांना प्राणवायूसोबत २ टक्के हायड्रोजन १८ तास देण्यात आला. ९० दिवसांनंतर या गटातील ८५ टक्के, तर दुसऱ्या गटातील ६१ टक्के रुग्ण हयात होते. मुख्य कसोटी मात्र मेंदूच्या कार्यक्षमतेची होती. तीत ५६ टक्के विरुद्ध ३९ टक्के, हा फरक केवळ योगायोगाचाही असू शकतो. नियोजित ३६० रुग्णांची संख्या गाठण्यापूर्वीच कोविडमुळे चाचणी आटोपती घ्यावी लागली. तिचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले.

वानगी उत्तम निघाली, तरी तेवढ्यावरून साऱ्या मालाची खात्री कोणताही जाणता व्यापारी देत नाही. हे उपचार अतिदक्षता विभागात, तज्ज्ञांच्या देखरेखीखाली झाले होते. वृद्ध आई-वडिलांसाठी घरी हायड्रोजनचे यंत्र घेऊ पाहणाऱ्यांच्या हाती असा पुरावा नाही. शिवाय हवेत या वायूचे प्रमाण ४ टक्क्यांवर गेले, तर एका ठिणगीनेही तो पेट घेतो.

सिद्ध झालेला उपाय याहून साधा आणि विनामूल्य आहे. हृदय बंद पडताच रुग्णवाहिका बोलावून, ती येईपर्यंत छातीवर दाब देत राहणे. घरातील प्रत्येक प्रौढाने ते शिकून घेतले, तर मेंदूच्या रक्षणाची पहिली तजवीज घरातच होईल.