पाहुणे, पारवे आणि उष्टे

हॉटेलच्या गच्चीवर पारव्यांचा उपद्रव वाढला, की व्यवस्थापकाला प्रथम आठवतो तो सापळा, नाहीतर विष. क्रौर्याचा प्रश्न क्षणभर बाजूला ठेवला, तरी हा व्यवहार आतबट्ट्याचाच आहे. स्वित्झर्लंडमधील बाझल शहरात १९६१ ते १९८५ या काळात सुमारे १ लाख पारवे मारण्यात आले. त्यांची संख्या मात्र २० हजारांच्या आसपास कायम राहिली. मेलेल्यांची जागा नवी पिल्ले भरून काढीत. संख्या ठरते ती अन्नाच्या पुरवठ्यावर, हे उमगल्यावर १९८८ पासून तेथे दाणे न टाकण्याविषयी नागरिकांना समजावण्यात आले, देखरेखीखालील खुराड्यांतून अंडी काढून घेण्यात आली आणि काही वर्षांत संख्या निम्म्यावर आली.

आपल्याकडील हॉटेलांना हे अवघड का वाटावे? उष्टी ताटे तत्काळ उचलावीत, कचऱ्याच्या पिंपांना झाकणे असावीत, वळचणींना जाळी ताणून बसवावी; सैल जाळीत पाखरे अडकून तडफडून मरतात. पण छायाचित्रासाठी पाव भिरकावणाऱ्या पाहुण्याला अटकाव करावयास कोणी धजत नाही. त्याच्या हौसेची किंमत मोजतो तो वाळलेली विष्ठा खरवडणारा सफाई कामगार, आणि तीही आपल्या फुप्फुसांनी. त्याला निदान मुखपट्टी, हातमोजे आणि खरवडण्यापूर्वी शिंपडावयास पाणी देण्यास तरी व्यवस्थापनाने खर्चाची सबब सांगू नये.